माकडहाडाचे दुखणे: ओळख, बैठक आणि उपचार

कंबरदुखीचा रुग्ण आपले दुखणे दाखवताना सबंध तळहात कमरेवर फिरवतो, तर माकडहाडाचा रुग्ण एकच बोट एकाच जागी टेकवतो. दोन नितंबांच्या मधल्या खाचेत, गुदद्वाराच्या साधारण इंच-दीड इंच वर, कण्याच्या अगदी शेवटच्या टोकाशी हे बोट टेकते आणि तेथे दाबले की नेमकी ओळखीची कळ उठते. हे दुखणे बसल्यावर वाढते, बराच वेळ बसून उठताना क्षणभर असह्य होते आणि उभे राहिल्यावर किंवा चालू लागल्यावर बहुधा कमी होते. ही तीन लक्षणे एकत्र असतील, तर कमरेचा पट्टा बांधण्यापूर्वी किंवा मूळव्याधीचे मलम आणण्यापूर्वी माकडहाडाचा विचार करावा, कारण चुकीच्या दुखण्यावर केलेल्या उपचारांत यात पुष्कळदा महिने वाया जातात.

‘अवघड जागेचे दुखणे आणि जावई वैद्य’ ही म्हण या दुखण्याला जशीच्या तशी लागू पडते. जागेच्या संकोचामुळे रुग्ण डॉक्टरांपुढे नुसते ‘कंबर दुखते’ एवढेच सांगतो, डॉक्टर कमरेचा एक्स-रे काढतात आणि कमरेत वयोमानानुसार काही ना काही सापडतेच. म्हणून दवाखान्यात गेल्यावर नेमकी जागा बोटाने दाखवावी आणि बसताना, उठताना, शौचाच्या वेळी, मासिक पाळीच्या दिवसांत किंवा शरीरसंबंधाच्या वेळी दुखणे वाढते का, हे न लाजता सांगावे.

हाड आणि त्यावरचा भार

माकडहाड म्हणजे कण्याच्या तळाशी असलेले, तीन ते पाच लहान मणक्यांचे आणि बहुतेकांत चार मणक्यांचे, पुढे वळलेले त्रिकोणी टोक होय. ते निरुपयोगी अवशेष आहे असा समज असला, तरी नितंबाच्या मोठ्या स्नायूचा काही भाग आणि मूत्राशय, गर्भाशय व गुदाशय यांना खालून आधार देणाऱ्या ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचा काही भाग याच हाडाला चिकटलेला असतो. त्यामुळे हाडाला इजा झाली की हे स्नायू आखडतात, आखडलेले स्नायू हाडाला ओढत राहतात, आणि मूळ मार भरून आल्यावरही दुखणे टिकून राहते.

बसलेल्या माणसाचा भार मुख्यतः नितंबांखालच्या दोन बैठकीच्या हाडांवर असतो. ताठ किंवा जरासे पुढे झुकून बसल्यास माकडहाडावर फारसा दाब येत नाही. मागे रेलून, पाठीला पोक काढून बसले की कटिभाग (कमरेखालचा हाडांचा सांगाडा) मागे कलंडतो आणि भार या टोकाकडे सरकतो. पुढे सांगितलेल्या बहुतेक उपायांचे मर्म या एका गोष्टीत आहे. गोळ्या आणि शेक यांनी वेदना काही काळ दबते, पण दिवसातले आठ-दहा तास त्याच हाडावर बसणे चालू राहिले तर त्यांचा उपयोग तात्पुरताच ठरतो.

दुखणे का सुरू होते

सर्वांत ओळखीचे कारण म्हणजे बसकण मारून पडणे. पावसाळ्यात शेवाळ धरलेले अंगण, ओली फरशी, न्हाणीघरातला साबणाचा ओघळ आणि जिन्याची शेवटची पायरी ही त्याची नेहमीची ठिकाणे आहेत. पडल्यावर हाडाला मुका मार लागतो, क्वचित ते मोडते किंवा सांध्यातून सरकते. दुसरे महत्त्वाचे कारण प्रसूतीचे आहे. गरोदरपणात कटिभागातील अस्थिबंध सैल होतात, बाळाचे डोके बाहेर येताना हाड मागे ढकलले जाते, आणि प्रसूती लांबली किंवा चिमट्याच्या साहाय्याने करावी लागली तर इजा होण्याची शक्यता वाढते. हे दुखणे पुरुषांपेक्षा स्त्रियांत सुमारे पाचपट अधिक आढळते. एडिंबराचे ज्या जेम्स यंग सिम्पसन यांनी १८४७ साली प्रसूतीत क्लोरोफॉर्मचा वापर सुरू केला, त्यांनीच १८५९ साली या दुखण्याचे वर्णन करून त्याला वैद्यकीय नाव दिले, हे पाहता प्रसूतिशास्त्राशी त्याचे नाते जुने आहे.

याखेरीज खड्ड्यांच्या रस्त्यावरून रोज दुचाकी चालवणे, सायकलिंग, रोइंग (वल्ही मारणे), तासन्‌तास बैठे काम आणि वाढलेले वजन यांमुळे हाडावर थोडा थोडा ताण साचत जातो. वजन जास्त असलेल्या व्यक्तीचा कटिभाग बसताना नीट फिरत नाही आणि हाड मागे सरकण्याचा धोका वाढतो. उलट वजन झपाट्याने उतरले तर हाडाखालची चरबीची गादी कमी होऊन तेही टोचू लागते. काही रुग्णांत मात्र कोणतेही कारण सापडत नाही, आणि तरीही त्यांचे दुखणे खरे असते.

आधी वगळायचे आजार

माकडहाडाजवळ दुखणारी प्रत्येक गोष्ट माकडहाडाची नसते. खाचेत बारीक छिद्र, गाठ, पू किंवा केसांचा पुंजका दिसत असेल तर ते पायलोनायडल सायनसचे (खाचेतल्या त्वचेखाली केस अडकून होणाऱ्या पोकळीचे) लक्षण असून त्याला शल्यचिकित्सकच दाखवावे लागते. दुसऱ्या महायुद्धात जीप चालवणाऱ्या अमेरिकन सैनिकांत हा आजार इतका बोकाळला होता की त्याला जीपचा आजार असेच म्हटले जाई. शौचाच्या वेळी चिरल्यासारखी वेदना आणि रक्त असेल तर फिशरचा, म्हणजे गुदद्वाराला पडलेल्या चिरेचा, विचार करावा. गुदद्वाराशेजारी लाल, ठणकणारी सूज आणि ताप असेल तर गळू असू शकते व त्यात थांबून चालत नाही. कळ नितंबातून मांडीमागे आणि पोटरीपर्यंत उतरत असेल तर मूळ कमरेत असण्याची शक्यता जास्त असते.

पुढील लक्षणांत मात्र घरगुती उपचार करत बसू नये. मांड्यांच्या आतील बाजूस व गुदद्वाराभोवती बधिरपणा येणे, लघवी अडणे किंवा नकळत होणे, शौचावरचा ताबा जाणे, दोन्ही पायांतली शक्ती कमी होणे यांपैकी काहीही झाले तर त्याच दिवशी, रात्र असली तरी, मोठ्या रुग्णालयात जावे, कारण कण्यातील मज्जातंतूंचा जुडगा दाबला गेल्यास काही तासांचा उशीरही कायमचे नुकसान करू शकतो. विश्रांतीतही न थांबणारी रात्रीची वेदना, कारण नसताना उतरणारे वजन, रेंगाळणारा ताप, पूर्वी झालेला कर्करोग किंवा क्षयरोग, आणि शौचातून रक्त जाणे ही लक्षणे तितकी तातडीची नसली तरी त्यांची तपासणी टाळू नये. या भागात गाठी विरळाच होतात, पण होतात.

पडल्यानंतरचे पहिले दोन आठवडे

पहिले दोन दिवस थंड शेक द्यावा. बर्फ थेट त्वचेवर न लावता पातळ टॉवेलात गुंडाळून, कुशीवर झोपून, पंधरा ते वीस मिनिटे धरावा आणि दिवसातून तीन-चार वेळा हे करावे. दोन दिवसांनंतर ज्याला जे मानवेल ते चालते. बहुतेकांना ऊब बरी वाटते, कारण ती आखडलेल्या स्नायूंना सैल करते. गरम पाण्याच्या पिशवीपेक्षा, टबात किंवा मोठ्या घमेल्यात सोसवेल इतके कोमट पाणी घेऊन त्यात दहा-पंधरा मिनिटे बसणे अधिक उपयोगी पडते, मात्र भांड्याच्या तळावर हाड टेकणार नाही याची काळजी घ्यावी. मधुमेहामुळे पायांची किंवा त्वचेची संवेदना कमी झालेल्यांनी पाणी आधी कोपराने तपासावे.

वेदनाशामकांत प्रथम पॅरासिटामॉल घ्यावे. धडधाकट प्रौढ माणसाने ५०० ते ६५० मिलिग्रॅमची गोळी सहा-सहा तासांच्या अंतराने घेण्यास सहसा हरकत नसते. यकृताचा आजार असलेल्यांनी किंवा नियमित मद्यपान करणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारूनच घ्यावी. सर्दी-तापाच्या अनेक गोळ्यांतही पॅरासिटामॉल असते, म्हणून दोन्ही एकदम घेऊ नयेत. आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक अधिक परिणामकारक ठरू शकतात, पण ते जेवणानंतर आणि थोडेच दिवस घ्यावेत; मूत्रपिंडाचा किंवा हृदयाचा आजार, पोटातला अल्सर, रक्त पातळ करणारी औषधे आणि गरोदरपण यांत ते डॉक्टरांना विचारल्याशिवाय मुळीच घेऊ नयेत. कोडीन किंवा ट्रॅमाडॉल असलेल्या गोळ्यांनी बद्धकोष्ठता होते आणि या दुखण्यात ती आगीत तेल ओतते.

हाड मोडले असले तरी येथे प्लास्टर घालता येत नाही. मुका मार साधारण महिन्याभरात आणि मोडलेले हाड दोन ते तीन महिन्यांत बहुधा भरून येते. हाडवैद्याकडे जाऊन ‘हाड बसवून’ घेण्याची किंवा त्या जागी जोर लावून तेल रगडण्याची पद्धत आपल्याकडे अजून आहे आणि बाळंतिणीच्या मालिशीतही हे घडते. ताज्या मारावर असा जोर लावल्याने सूज वाढण्यापलीकडे काही साधत नाही; कमरेला आणि मांड्यांना हलक्या हाताने तेल लावण्यास मात्र हरकत नाही.

बसावे कसे

येथे थोडे सविस्तर लिहिणे भाग आहे. खुर्चीवर बसताना नितंब पाठीपर्यंत मागे न्यावेत, दोन्ही पावले जमिनीला टेकलेली असावीत आणि गुडघे कमरेच्या पातळीत किंवा किंचित खाली असावेत. टेबल जवळ ओढून कोपर त्यावर टेकवले की धड आपोआप थोडे पुढे येते आणि मागचा भार सुटतो. मऊ, खोल सोफा वरवर सुखाचा वाटतो, पण त्यात शरीर रुतते आणि माकडहाडाला चहूबाजूंनी दाब बसतो. अनेकांना त्यापेक्षा साधी कडक खुर्ची सोसते, कारण तिच्यावर बैठकीची दोन हाडे भार पेलतात. आरामखुर्ची आणि पलंगावर उशांना रेलून मांडीवर लॅपटॉप घेणे, या दोन्ही गोष्टी काही महिने वर्ज्य समजाव्यात.

अर्ध्या-पाऊण तासाने उठावे, आणि उठण्याची रीतही महत्त्वाची आहे. आधी खुर्चीच्या पुढच्या कडेपर्यंत सरकावे, पावले गुडघ्यांच्या थोडी मागे घ्यावीत, पाठ सरळ ठेवून कमरेतून पुढे वाकावे आणि भार पावलांवर आल्यावरच उभे राहावे. मागे रेललेल्या अवस्थेतून झटक्याने उठले की नेमकी ती असह्य कळ येते.

उशीबाबत बराच घोटाळा आढळतो. औषधांच्या दुकानात गोल, मधोमध भोक असलेली हवेची उशी पुढे केली जाते. माकडहाडासाठी ती सहसा चांगली नाही, कारण तिची मागची कड हाडाच्या बरोबर खाली येऊ शकते. हवी असते ती मागची बाजू इंग्रजी ‘यू’ अक्षरासारखी कापलेली, मागे थोडी उंच आणि पुढे उतरती अशी घट्ट उशी. ती विकत मिळते, पण गादीवाल्याकडून तीन-चार इंच जाडीचा घट्ट फोम आणून घरीही करता येते. बैठकीच्या मापाचा चौकोन घ्यावा, मागच्या कडेच्या मध्यापासून सुमारे चार इंच रुंद आणि पाच-सहा इंच खोल खाच पेनाने आखावी आणि दातेरी ब्रेडच्या सुरीने हळूहळू कापावी. साध्या सुरीने फोम फाटतो. खोळ शिवताना तिचे कापड खाचेवर ताणून बसवू नये, नाहीतर खाच असून नसल्यासारखी होते. उशीवर बसून मागून हात घालून पाहावा: बोटे हाडाखाली न दबता सहज आत-बाहेर झाली पाहिजेत. बोटे दबत असतील तर फोम मऊ आहे किंवा खाच उथळ आहे.

जमिनीवर बसण्याचा प्रश्न आपल्याकडे पूजेला, भजनाला आणि पंगतीला येतोच. ज्यांच्या खुब्यांचे स्नायू आखडलेले असतात त्यांची पाठ मांडी घातल्यावर गोल होते आणि माकडहाड थेट जमिनीला लागते. अशांनी नितंबांखाली घडी केलेली सतरंजी किंवा जाड पाट घ्यावा, म्हणजे गुडघे कमरेपेक्षा खाली जातात आणि पाठ सरळ राहते. गुडघे धड असतील तर थोडा वेळ वज्रासन उत्तम, कारण त्यात भार टाचांवर आणि नडग्यांवर जातो. गुडघेही दुखत असतील, तर खुर्ची मागून घेण्यात कसला कमीपणा?

एसटीत मागच्या चाकावरच्या आणि त्याही मागच्या आसनांवर हादरे सर्वाधिक बसतात, म्हणून मधले आसन धरावे. दुचाकीवर शक्यतो मागे बसू नये. चालवणे अटळ असेल तर गतिरोधकाआधी वेग कमी करून पायांवर भार घेत आसनावरून किंचित उठावे. मोटारीची बादलीसारखी खोलगट आसनेही त्रासदायक असतात. तेथे वर सांगितलेली खाचेची उशी वापरता येते, पण चालकाची उंची वाढल्याने आरसे पुन्हा जुळवावे लागतात. रात्री कुशीवर, गुडघ्यांमध्ये उशी घेऊन झोपावे. बाळंतिणीने बाळाला कुशीवर निजून पाजले तर तिचे दिवसाचे कित्येक तासांचे बसणे वाचते.

पोट साफ ठेवणे

कडक मळ आणि कुंथणे यांमुळे ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंवर आणि त्यांच्यामार्फत हाडावर ताण येतो. भाकरी, पालेभाज्या, सालासकट डाळी, पेरू आणि भिजवलेले मनुके आहारात असावेत, पाणी पुरेसे प्यावे आणि गरज पडल्यास रात्री एक-दोन चमचे इसबगोल मोठा पेलाभर पाण्यातून घ्यावा. कमी पाण्यातून घेतलेले इसबगोल उलट अडकून बसते. कमोड वापरत असल्यास पायांखाली वीतभर उंचीचे स्टूल ठेवून पुढे झुकावे. भारतीय पद्धतीच्या शौचालयात उकिडवे बसल्याने हाड मोकळे राहते, हा तिचा फायदाच आहे. मोबाइल मात्र बाहेर ठेवावा.

कोणते व्यायाम, कोणते नाही

तीव्र वेदना ओसरल्यावर, साधारण दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यापासून, हलके व्यायाम सुरू करावेत. पहिला व्यायाम श्वासाचा आहे आणि अनेकजण तो क्षुल्लक समजून सोडून देतात. पाठीवर निजून गुडघे वाकवावेत, एक हात पोटावर ठेवावा, नाकाने सावकाश श्वास घेत पोट फुगू द्यावे आणि त्याच वेळी गुदद्वाराभोवतीचा भाग खाली सैल सुटतो आहे असे अनुभवावे. श्वास सोडताना काहीही आवळू नये. असे पाच मिनिटे, दिवसातून दोनदा करावे. वेदनेमुळे तेथले स्नायू दिवसभर नकळत आवळलेले राहतात, आणि त्यांना सोडायला शिकवणे हेच येथे काम आहे. म्हणूनच प्रसूतीनंतर सर्रास सुचवला जाणारा स्नायू आवळण्याचा केगेल व्यायाम या दुखण्यात फिजिओथेरपिस्टने तपासल्याशिवाय करू नये.

त्यानंतर पाठीवर निजून एकेक गुडघा छातीकडे ओढावा. मग उजवा घोटा डाव्या गुडघ्यावर ठेवून डावी मांडी जवळ ओढावी, म्हणजे उजव्या नितंबात ताण जाणवतो, आणि हेच दुसऱ्या बाजूने करावे. प्रत्येक ताण वीस-तीस सेकंद, दोन-तीन वेळा पुरेसा होतो. मार्जारासन आणि बालासनही बहुतेकांना मानवतात. ताण जाणवावा, हाडात कळ येऊ नये, हा निकष पाळावा. जमिनीवर पाठ टेकवून सिट-अप्स, नौकासन, सायकल आणि रोइंग यंत्र टाळावे. चालणे मात्र पहिल्या आठवड्यापासून चालू ठेवावे, कारण खाटेवर पडून राहिल्याने हे दुखणे लवकर बरे होत नाही.

दवाखान्यात काय होते

घरगुती उपायांनी महिना-दीड महिन्यात निश्चित उतार पडला नाही, तर अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवावे. ते बाहेरून हाड चाचपतात आणि गरज भासल्यास हातमोजा घालून एक बोट गुदद्वारातून आत व अंगठा बाहेर ठेवून हाडाची हालचाल तपासतात. तपासणी क्षणभराची असते, ती का करत आहेत हे विचारण्याचा रुग्णाला हक्क आहे, आणि स्त्री रुग्णाने सोबत महिला परिचारिका असावी असे सांगावे.

एक्स-रेबाबत दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. निजवून काढलेला साधा एक्स-रे अनेकदा निर्दोष येतो, कारण दोष बसल्यावरच प्रकट होतो, पॅरिसचे डॉ. झाँ-इव्ह मेन्य यांनी उभे राहून आणि दुखत्या स्थितीत बसून असे दोन एक्स-रे काढून त्यांची तुलना करण्याची पद्धत रूढ केली, आणि जुनाट दुखण्यात तशी मागणी करण्यास हरकत नाही. दुसरी गोष्ट अशी की, ‘हाड पुढे वाकले आहे’ असा शेरा वाचून घाबरू नये. वेदना नसलेल्या कित्येक माणसांचे माकडहाडही तसेच वळलेले असते. गाठ किंवा संसर्गाची शंका आल्यास एमआरआय सांगितला जातो.

पुढचा टप्पा ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचे प्रशिक्षण घेतलेल्या फिजिओथेरपिस्टचा असतो, आणि माझ्या मते इंजेक्शनकडे वळण्यापूर्वी तो नेटाने पार पाडावा. मोठ्या शहरांत असे तज्ज्ञ बहुधा स्त्रीरोग विभागाशी संलग्न असतात, त्यामुळे चौकशी तेथेही करावी. एवढ्याने भागले नाही तर दुखऱ्या सांध्याजवळ भूल देणारे औषध आणि स्टेरॉइड यांचे इंजेक्शन देतात. हाडाच्या पुढे असलेल्या एका चेतागंठिकेला (मज्जातंतूंच्या लहान पुंजक्याला) इंजेक्शन देऊन वेदनेचा संदेश अडवण्याचीही पद्धत आहे. ती वेदनातज्ज्ञ एक्स-रे यंत्राच्या मार्गदर्शनाखाली करतात. मधुमेही रुग्णाची साखर स्टेरॉइडनंतर काही दिवस वाढते, म्हणून ती रोज मोजावी.

सुमारे नव्वद टक्के रुग्ण शस्त्रक्रियेविना बरे होतात. हाड काढून टाकण्याची शस्त्रक्रिया किमान सहा महिने सर्व उपाय करूनही बसणे अशक्य राहिलेल्यांसाठी आहे, आणि बसल्यावर हाड स्पष्टपणे सरकते असे एक्स-रेत दिसले तरच तिचा निकाल अधिक चांगला लागतो. जखम गुदद्वाराच्या जवळ असल्यामुळे तिच्यात जंतुसंसर्गाचा धोका मोठा असतो, आणि पूर्ण आराम पडायला कित्येक महिने, काहींना वर्षभरही लागते. शस्त्रक्रिया सुचवणाऱ्या डॉक्टरांना त्यांनी अशा किती शस्त्रक्रिया केल्या आहेत आणि जखम चिघळू नये म्हणून कोणती काळजी घेतात, हे आधीच विचारावे, आणि उत्तर मोघम आले तर दुसऱ्या तज्ज्ञाचे मत घ्यावे.